कलिना बघायला रविवारी जाऊ नका

लेकीचं बी.ए. यंदा संपलं. नालासोपाऱ्याहून वसई, एक स्टेशन, तीन वर्षं निभावलं. आता तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय आणि तेही मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसलाच. बाबांचं म्हणणं, त्याच विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण आहे की (आपण अजून 'आयडॉल'च म्हणतो), घरी बसून डिग्री मिळेल, रोज लोकलला लटकायचं कशाला? मी मध्ये. म्हटलं, आधी जाऊन बघू.

रविवारी निघणार होतो. शेजारच्या ताई हसल्या, "रविवारी जाऊन काय बघणार? झाडं?" त्या कित्येक वर्षं अंधेरीला नोकरी करतायत. मग मंगळवारी निघालो, लेकीला रोज निघावं लागेल त्याच वेळेला.

सकाळी सव्वाआठला नालासोपाऱ्यात चर्चगेट फास्ट पकडणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन गाड्या सोडल्या. शेवटी सगळे करतात तेच केलं, उलट विरारला गेलो आणि तिथून बसून आलो. (तिकीट किंवा पास मात्र विरारपासूनचा हवा, नाहीतर टीसी सोडत नाही.) फास्ट गाडी सांताक्रूझला थांबत नाही, हे लेकीच्या गावीही नव्हतं. अंधेरीला उतरून स्लो, मग पूर्वेला बस. घरापासून गेटपर्यंत दोन तास पाच मिनिटं. मी घड्याळ लावूनच निघाले होते.

आत शिरल्यावर पोरगी बदललीच. हा समाजशास्त्र विभाग १९१९चा, पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख, नंतर घुर्ये, हे सगळं मला चालता चालता सांगत होती. मी आपली स्वच्छतागृह कुठे, कॅन्टीन कुठे, संध्याकाळी दिवे लागतात का, ते बघत होते. ग्रंथालयाबाहेर डहाणूची एक मुलगी भेटली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. वाढवण बंदर आणि तिथल्या मच्छीमार बायकांवर प्रकल्प करतेय. दोघी पायरीवर बसल्या त्या पाऊण तास उठल्याच नाहीत. मी बाजूला डबा खाल्ला.

उठताना ती मला म्हणाली, "मावशी, येण्याचं काही नाही, जाण्याचं बघा."

खरं होतं. संध्याकाळी सहाला अंधेरीत विरार फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तीन गाड्या गेल्या. चौथीला लेक दारापर्यंत पोचली, मी मागे राहिले, म्हणून ती उतरली. मग अंधेरीहूनच सुटणारी विरार स्लो धरली. वेळ लागतो, पण निदान माणसासारखं जाता येतं. घरी पोचायला सव्वाआठ.

तुमच्यापैकी कुणाची मुलं यंदा अशा ठिकाणी प्रवेश घेणार असतील तर कामाच्या दिवशी जा, आणि परतीची गाडी गर्दीचीच पकडा. हॉस्टेलची चौकशीही त्याच फेरीत करा. आम्ही अर्ज करणार आहोत, मिळेलच असं धरून चाललेलो नाही.

रात्री जेवताना बाबांनी पुन्हा अंतर काढलं. हा माणूस वीस वर्षं चर्चगेटला जातो. त्या अंतरावर आमच्या घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. तसं बोलून दाखवलं, जरा जोरातच.

ते काही बोलले नाहीत. ताट उचलताना लेकीला एवढंच विचारलं, "पास विरारपासून काढायचा की नालासोपाऱ्यापासून?"