शहाजोग

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपले की थोरल्यांना नमस्कार करून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावयाचे, ही आपल्या घराघरांतील रीत. गेल्या संवत्सरीला मी औरंगपुऱ्यातील आमच्या जुन्या घरी गेलो, थोरल्या बंधूंच्या पाया पडलो आणि वहिनींपुढे हात जोडले. “वर्षभरात मन दुखावले असेल तर क्षमा करा,” हे माझे वाक्य दरवर्षीचेच. वहिनींचे उत्तर मात्र दरवर्षीचे नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. “भाऊजी, यंदा क्षमा मलाच मागायची आहे. सत्त्याऐंशी हजार रुपये घालवून बसले मी. तीन आठवडे झाले. घरात कोणाला सांगितलेले नाही.”

वहिनींचे वय ७१. त्यांचे वर्षीतप चालू होते. श्रावणातल्या त्या दिवशी त्यांचा उपवास होता. दुपारची वेळ, बंधू आणि पुतण्या खाली दुकानात, सूनबाई बाहेर गेलेल्या. अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पडद्यावर खाकी वर्दीतील माणसाचे छायाचित्र. “पुण्याहून पोलीस ठाण्यातून बोलतो. तुमच्या नातवाच्या गाडीखाली एक माणूस आला आहे. गुन्हा नोंदवला तर मुलाचे आयुष्य संपले. समोरची मंडळी मिटवायला तयार आहेत.” पाठोपाठ रडण्याचा आवाज, “आजी, मला वाचव. पप्पांना सांगू नकोस.” मग पुन्हा तो अधिकारी. फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, पैसे पोहोचेपर्यंत जागेवरून हलायचे नाही. वहिनींनी थरथरत्या हाताने तीन हप्त्यांत पैसे पाठविले. ती रक्कम त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या पारण्याला प्रभावना वाटण्यासाठी दोन वर्षे जमवली होती.

रात्री नातवाचा नेहमीप्रमाणे फोन आला. “बाई, उपवास झेपतोय ना?” तो दिवसभर महाविद्यालयात होता. आमच्या घरात नातवंडे वहिनींना ‘बाई’ म्हणतात. ‘आजी’ अशी हाक या घरात कोणी कधी मारलेली नाही. हे त्यांच्या ध्यानात आले ते तेव्हा.

“मग त्याच रात्री का सांगितले नाहीत?” मी विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हीच म्हणाला होता ना, दुकानात बसून?”

मला आठवले. गुलमंडीवरच्या आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याची अशीच फसवणूक झाली होती आणि मी चहा घेता घेता म्हणालो होतो, “शिकलेसवरलेले लोक इतके मूर्ख कसे असतात? बँकेत आम्ही कंठशोष करून सांगतो, तरी ऐकत नाहीत.” वहिनी तेव्हा चहाचे कप गोळा करीत होत्या. मी हसलो होतो, बंधूही हसले होते. माझी ३४ वर्षांची बँकेची नोकरी, लोकांना सावध करणारी माझी व्याख्याने, आणि त्या एका वाक्याने मी माझ्याच घरातील दार बंद करून ठेवले होते. त्या सायंकाळी मी क्षमा मागितली ती रीत म्हणून नव्हे.

त्या तीन आठवड्यांची किंमत काय, हे बँकेतल्या माणसाला चांगले कळते. सायबर फसवणुकीसाठी केंद्र सरकारची १९३० ही हेल्पलाइन आहे. तेथे तक्रार नोंदवली की व्यवहाराचा तपशील संबंधित बँकांकडे जातो आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तेथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. परंतु चोरटेही हे जाणतात. पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. तेथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फुटत जातो आणि शेवटी रोखीने काढला जातो. म्हणून पहिला तास सोन्याचा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्रार केली. हाती लागली ती रक्कम सहा हजारांच्या आसपास. पैसे वहिनींनी स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून पाठविले होते. त्यामुळे बँकेकडे भरपाई मागण्यासही फारशी जागा नव्हती.

आता ‘मूर्ख’ या शब्दाबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सात कोटी रुपयांना फसविले. पद्मभूषणाने सन्मानित, वयाची ८० वर्षे ओलांडलेले, कापड-सुताच्या व्यवसायात आयुष्य घालविलेले हे गृहस्थ. त्यांच्यासमोर फोनच्या पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली, सरन्यायाधीशांचे सोंग घेतलेला माणूससुद्धा! ओसवाल यांनी संकोच न करता पोलिसांत तक्रार केली आणि सुमारे सव्वापाच कोटी रुपये पोलिसांना परत मिळविता आले. उलट मार्च २०२५ मध्ये दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेचे प्रकरण उघडकीस आले. तिला दोन महिन्यांहून अधिक काळ अशाच धाकात ठेवून २० कोटींहून अधिक रुपये काढून घेण्यात आले होते. बुद्धी दोन्हीकडे होती. भयापुढे ती चालत नाही. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा जीवमात्राला चिकटलेल्या आहेत असे आपण प्रवचनात ऐकतो. भामटा त्यांतली दुसरी संज्ञा हेरतो. वहिनी स्वतःच म्हणाल्या, “रोज ४८ मिनिटे सामायिकात बसते, पण फोनवर दोन मिनिटे थांबता आले नाही.”

थांबण्यासाठी कायद्याची थोडी माहिती हाताशी असावी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अटक केलेल्या व्यक्तीची माहिती तिच्या नातलगाला द्यावी लागते आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. फोनवर पैसे घेऊन गुन्हा मिटविण्याची तरतूद कोठेही नाही. आणि ‘कोणाला सांगू नका’ असे जो बजावतो तो पोलीसच नव्हे, हे निश्चित समजावे. खरे पोलीस कुटुंबाला बोलावतात. भामटा कुटुंबाला दूर ठेवतो.

आमचे आजोबा हुंडीचा व्यवहार करीत. ‘शहाजोग’ हुंडी कोणीही आणली आणि पैसे नेले, असे होत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शहा’मार्फतच ती वटे. पैसे देणाऱ्याने आधी त्याची ओळख पटवून घ्यावयाची, आणि खात्री न करता पैसे दिले तर जोखीम देणाऱ्याच्या शिरावर. पुढे भाषेने त्या शब्दाचे भलतेच केले. वरून सभ्य, आतून लबाड असा जो, त्याला आपण आता शहाजोग म्हणतो. फोनवरचा तो वर्दीवाला या नव्या अर्थाने शहाजोग. त्याला उत्तर आहे ते जुन्या अर्थात: ओळख पटल्याशिवाय पैसा नाही, मग समोर रडणारा नातू का असेना. आज एखाद्याच्या आवाजाचा छोटासा तुकडा मिळाला तरी संगणकाकडून त्याची नक्कल करून घेता येते. आणि लग्नाच्या चित्रफितींतून आपल्या मुलांचे आवाज आपणच वाटत असतो. तेव्हा आवाज ही ओळख राहिलेली नाही.

पर्युषणानंतर आम्ही सर्व एकत्र बसलो आणि काही गोष्टी ठरविल्या. घराचा एक शब्द ठरविला. संकटाचा फोन आला तर तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर फोन बंद. तो शब्द फोनमध्ये लिहून ठेवायचा नाही. फोन बंद करून त्या माणसाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावायचा. तो लागला नाही तर त्याच्या मित्राला, वसतिगृहाला. बँकेची तिजोरी कधी एका किल्लीने उघडत नाही, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात. तसेच घाईने मागितलेला पैसा, रक्कम कितीही असो, घरातील दुसऱ्या माणसाला विचारल्याखेरीज जाणार नाही. बंधू नियमातून सूट मागू लागले तेव्हा वहिनींनी ती दिली नाही. १९३० हा आकडा दुकानाच्या गल्ल्यावर आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि शेवटचा नियम माझ्यासाठी: कोणी फसले तर पहिला प्रश्न ‘कसे फसलात?’ हा नसेल. तो असेल, ‘कधी पाठविले?’

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. वहिनींचे पैसे प्रथम ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या गावच्या एका तरुण दुकानदाराचे चालू खाते होते. थोड्या दलालीसाठी त्याने ते वापरावयास दिले होते. ‘खाते तर माझे, पैसे माझे नाहीत’ असे म्हणून कोणी सुटत नाही. पोलीस प्रथम त्याच्याच दारात जातात. आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. चोराला साहाय्य करणे आणि चोरीचा माल घेणे हे दोन्ही त्यांत आहेत. खाते भाड्याने देणारा एकाच वेळी दोन्ही करतो. दुकानावर बसू लागलेल्या मुलांना फसू नका असे आपण सांगतो. कोणाच्या फसवणुकीची वाट होऊ नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.

अक्षय्य तृतीयेला वहिनींचे पारणे झाले. प्रभावना साधी होती. त्यानंतरच्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि आपली हकिकत त्यांनी स्वतः सांगितली, रक्कम आणि तारखेसह. बैठक संपल्यावर दोन भगिनी त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचीही अशीच फसवणूक झाली होती आणि दोघींनीही घरी सांगितले नव्हते. त्यांतील एकीचा व्यवहार अवघ्या आदल्या दिवशीचा होता. वहिनींनी तेथूनच मला फोन लावला. “भाऊजी, मी तिला १९३० लावून देते, तुम्ही ताबडतोब या.” आणि मग, मी काही विचारण्याआधीच, “तिच्या घरी आपण दोघे जाऊ. तिला एकटीने सांगावे लागू नये.”

जय जिनेंद्र.