लादीचा बर्फ, ध्रुवाचा बर्फ

समुद्रावरचा बर्फ वाढतो तो मुख्यतः खालून. वर उणे तीस अंशांची हवा, खाली उणे १.८ अंशांचे खारे पाणी, मध्ये बर्फ. पाण्यातली उष्णता बर्फातूनच वर जाते. त्यामुळे तो जाड होतो तसा स्वतःच्याच वाढीच्या आड येतो. पालघरजवळ सातपाटीच्या होड्यांना लागणारा लादीचा बर्फही याच नियमाने धरतो. बर्फाच्या कारखान्यात डब्यातले गोडे पाणी भोवतालच्या गार खाऱ्या पाण्यामुळे कडेने गोठू लागते. लादी दुप्पट जाड हवी तर वेळ चौपट. ध्रुवीय बर्फाचे हे गणित योसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये मांडले.

डबा मात्र ठरल्या मापाचा असतो. समुद्रावर वारा बर्फ फोडतो, एकावर एक चढवतो, भेगा उघडतो. हवामानाच्या संगणकी मॉडेलच्या एका चौकोनात अर्धा भाग दोन मीटर जाड आणि अर्धा मोकळा असेल, तर सरासरी एक मीटर. पण थंडीत नवा बर्फ जवळपास सगळा मोकळ्या अर्ध्यातच धरणार. सरासरीवर भागवणारे मॉडेल फसते ते इथेच. म्हणून चौकोनातल्या बर्फाचे जाडीनुसार वर्ग पाडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेने मान्सूनच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी घडवलेल्या मॉडेलमध्येही समुद्री बर्फाचा स्वतंत्र भाग आहे. मान्सूनवाल्यांना ध्रुवाची उठाठेव कशाला? बर्फ ऊन परतवतो. शेकडो वर्षांच्या गणनेत तो हिशेब चुकला की साऱ्या पृथ्वीचे तापमान सरकते.

बर्फाचा विस्तार उपग्रह १९७०च्या दशकाअखेरपासून सलग टिपत आहेत. जाडी अशी दिसत नाही. २०१० मध्ये सोडलेला क्रायोसॅट-२ पाण्यावर डोकावणारा भाग मोजतो, म्हणजे जाडीचा साधारण दहावा हिस्सा. दोन सेंटिमीटरची चूक जाडीत वीस सेंटिमीटरची होते. त्यात वर भुसभुशीत हिमाचा थर, ज्याचे वजन बर्फाला खाली दाबते. भारत-फ्रान्सच्या २०१३ मधील 'सरल' उपग्रहाच्या ३५ गिगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी हिमाच्या वरच्या भागातून परततात, क्रायोसॅटच्या अधिक खोल जातात. दोन्हींच्या फरकातून हिमाची जाडी काढता येते. हिम ओले झाले की ही युक्ती चालत नाही.

हिवाळ्याअखेरीस विस्तार बरोबर, जाडी चुकलेली, अशा मॉडेलचा आर्क्टिकमधल्या सप्टेंबरच्या बर्फाचा अंदाज कोसळतो. पुण्याचे मॉडेल ज्यावरून घडले, त्या अमेरिकी सीएफएसव्ही२मध्ये सुरुवातीची जाडी पायोमासवरून घेतली, तेव्हा आर्क्टिकचे अंदाज सुधारल्याचे २०१५ मध्ये दिसले. पायोमास हेही मोजमाप नव्हे. निरीक्षणांची जोड दिलेले ते दुसरे मॉडेलच आहे.