हद्दीबाहेरचं पाणी

त्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, "तुमचा अहवाल झाला की मला वाचायला द्याल का?" मी नाही म्हटलं. माझं नाही म्हणणं अगदी नियमाला धरून होतं, आणि त्याचाच राग अजून गेलेला नाही.

साउथ वेल्समधल्या एका खोऱ्यातलं हे काम. पुण्यात भूविज्ञान, मग इकडे एमएस्सी, मग जमिनीची तपासणी करणाऱ्या कंपनीत नोकरी, हे आता आमच्या पिढीत नेहमीचंच. ड्रिलिंगवाल्यांबरोबर चिखलात उभं राहायचं, नमुन्यांच्या नोंदी करायच्या, पाण्याची पातळी मोजायची, अहवाल लिहायचा. डोंगरउतारावर एका बिल्डरला घरं बांधायची होती. उताराच्या पायथ्याशी खाणकामगारांची जुनी, भिंतीला भिंत लागून असलेली घरं. टोकाच्या घरात या बाई एकट्या राहायच्या. पाऊस झाला की मागच्या भिंतीला ओल यायची (आणि इथे पाऊस कधी नसतो?), भिंतही जराशी फुगलेली. आम्हाला चहा आणून द्यायच्या आणि दर वेळी ती भिंत दाखवायच्या.

वरच्या दोन बोअरमध्ये पाणी अपेक्षेपेक्षा बरंच वर लागलं. जुन्या नकाशात त्या उतारावर एक झरा दाखवला आहे. जागेवर तो दिसत नाही. कुणीतरी कधीतरी पाइप घालून वळवला असावा. मग ते पाणी जातं कुठे? उतार बघता, त्या घरांच्या मागच्या बाजूला. खालच्या निचऱ्याची पाहणी व्हावी, असं मी मसुद्यात लिहिलं. वरिष्ठांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारून परत पाठवलं. शेरा एकाच शब्दाचा: हद्दीबाहेर.

वेल्समध्ये राहून उतारावरच्या झऱ्याबद्दल कुणी असा शेरा मारूच कसा शकतो, हे मला कळेना. 21 ऑक्टोबर 1966 ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास ॲबरफॅनच्या डोंगरावरचा खाणकचऱ्याचा सात नंबरचा ढीग घसरून पँटग्लास शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं. ढिगाखालच्या झऱ्याची कुणाला कल्पनाच नव्हती, असं राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी सांगितलं. झरे नकाशावर छापलेले होते. गावातल्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. शाळेच्या मागे ढीग टाकण्यात धोका आहे, असं पत्र 1963 मध्येच नगरपालिकेच्या इंजिनिअरने लिहिलेलं होतं. लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांच्या आयोगाने 76 दिवस सुनावणी घेतली आणि दोष मंडळावर ठेवला. खटला कुणावर झाला नाही, नोकरीही कुणाची गेली नाही. पुढचं तर वाचवत नाही. उरलेले ढीग हलवा म्हणून गावाला आंदोलन करावं लागलं, आणि त्या खर्चापोटी सरकारने दीड लाख पौंड घेतले ते मदतनिधीतून. मेलेल्या मुलांसाठी जगभरातल्या लोकांनी पाठवलेल्या पैशांतून! ते परत मिळाले 1997 मध्ये, तेही व्याजाशिवाय. रॉबेन्स यांच्यावर लोक चिडतात ते ठीकच, पण मला तो निधीतून पैसे घेणारा निर्णय जास्त छळतो. कुणीतरी शांतपणे बसून तो हिशेब केला असेल ना?

वरिष्ठांना मी हे सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझा त्या जमिनीत एकही बोअर नाही. अंदाजावर दुसऱ्याच्या घराबद्दल लिहिलंस आणि ते चुकीचं निघालं, तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या प्रत्येक अहवालात सुरुवातीलाच एक परिच्छेद असतो: हा अहवाल फक्त ग्राहकासाठी आहे, तिसऱ्या कुणी त्यावर विसंबू नये. त्यामागे काय आहे ते मी नंतर वाचलं. 1992 मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशात विहिरींचं पाणी तपासलं. बरेच घटक पाहिले, आर्सेनिक पाहिलं नाही. पुढे सुत्रधर नावाच्या गावकऱ्याने लंडनच्या न्यायालयात दावा लावला: तुमच्या अहवालामुळे पाणी सुरक्षित आहे असं समजून आम्ही ते पीत राहिलो. 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. एका मर्यादित कामाचा अहवाल लिहिणाऱ्याची जबाबदारी अख्ख्या देशातल्या पाणी पिणाऱ्यांपर्यंत पोचत नाही, असा त्याचा मथितार्थ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी संतापले होते. आता, स्वतःच्या सहीने अहवाल जायला लागल्यावर, तो निकाल मला पटतो. दावा मान्य झाला असता तर कुणी असलं काम हातातच घेतलं नसतं. पण त्या बाईंची भिंत डोळ्यांसमोर आली की पुन्हा पटत नाही. दोन्ही खरं आहे, मी काय करू? ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनेच त्या पहिल्या तपासणीनंतर बांगलादेशच्या सरकारी खात्याबरोबर साडेतीन हजार विहिरी तपासून आर्सेनिकचे नकाशे केले, हेही सांगायला हवं.

शेवटी अहवालात वाक्य गेलं ते असं: "हद्दीबाहेरील निचऱ्याची पाहणी केलेली नाही." खरं, आणि मला तेव्हा वाटलं, निव्वळ निरुपयोगी. पण इथे बांधकामाचा अर्ज काउन्सिलकडे गेला की जोडलेले अहवाल सगळ्यांना बघता येतात. हे मी बाईंना सांगू शकत होते, सांगितलं. त्यांच्या मुलीने सगळी पानं वाचली, नेमकं ते वाक्य पकडलं आणि हरकत नोंदवली: पाहणी केलेली नाही, तर कोण करणार? काउन्सिलने परवानगीत निचऱ्याच्या पाहणीची अट घातली. माझं मूळ वाक्य राहिलं असतं तर बिल्डरच्या वकिलाने "अंदाज" म्हणून ते उडवलं असतं, असं वरिष्ठांचं मत. असेलही.

जिऑलॉजिकल सोसायटीच्या आचारसंहितेत लोकांचं हितही आहे आणि ग्राहकाची गोपनीयताही. दोन्ही एकाच उतारावर समोरासमोर आली की पुस्तक मदतीला येत नाही. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते, वाद अहवालाच्या वेळी घालू नका, त्याआधी घाला. कामाचा प्रस्ताव लिहितानाच खालच्या बाजूच्या पाण्याची पाहणी किमतीसह मांडा. वरिष्ठ हल्ली ती ओळ आपणहून घालतात. ग्राहक बहुतेक वेळा ती काढायला लावतात, कारण तेवढे पैसे वाचतात.