ओलं अंथरूण आणि पाचवी समिती



आजचा विषय आपल्याकडे हळू आवाजात बोलला जातो. मूल शाळेत जायला लागलं तरी रात्री अंथरुणात शू करतं. पुष्कळ घरांत असतं, पण बोलत कुणी नाही. आमच्या धाकट्याचं आठव्या वर्षीही चालू होतं. पोरगा हुशार, सामायिकाचे पाठ तोंडपाठ, पण मामाकडे राहायला जायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मे महिन्यात मोठ्या भावानं ठरवलं की यंदा पर्युषणात पप्पांबरोबर स्थानकात रात्रीचा संवर करायचा. धाकटा लगेच म्हणाला, "मला नाही करायचा." का नाही, ते घरात सगळ्यांना कळलं. त्या आठवड्यात आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी आमची भीती घालवली. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण 15 मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. त्यांतली बरीचशी वाढत्या वयाबरोबर आपोआप थांबतात. हा आळस नाही आणि हट्टही नाही. काही मुलांच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, काहींची मूत्राशयाची पिशवी लहान असते, आणि बहुतेकांची झोप इतकी गाढ की पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. झोपेत घडलेल्या गोष्टीत मुलाचा हेतू नसतो. आपल्या धर्मात तर हेतूला, भावाला केवढं महत्त्व! मग त्यासाठी मुलाला शिक्षा कशी करायची?

डॉक्टरांनी विचारलं, "आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी होतं का?" मी यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे पाहायला लागले. घरी आल्यावर सासूबाईच हसून म्हणाल्या, "अगं, याच्या गोधड्या मी दहाव्या वर्षापर्यंत वाळत घातल्यात." दोघांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या वर जाते. त्या रात्री यांनी स्वतः धाकट्याला जवळ घेऊन ते सांगितलं. पोरानं एकच विचारलं, "पप्पा, मग तुमचं थांबलं कधी?" कुठल्याही औषधानं झालं नसतं एवढं काम त्या एका गोष्टीनं केलं.

आता आपल्या घरांतल्या काही खास गोष्टी. चौविहार असला की रात्री पाणी नाही, मग त्रास कमीच व्हायला हवा, असं वाटतं. पण मुलं दिवसभर काय करतात ते पाहा. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते, आणि सूर्यास्ताला दहा मिनिटं राहिली की घाईघाईनं तीन पेले पाणी. सगळा भार संध्याकाळवर. डॉक्टरांचं सांगणं सोपं होतं: पाणी कमी करायचं नाही, त्याची वेळ बदलायची. दिवसाचं बहुतेक पाणी सकाळी आणि दुपारी, संध्याकाळी उरलेलं थोडं. आम्ही शाळेच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी देतो. ती मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी आणि घरी येईपर्यंत रिकामी व्हायला हवी, एवढाच नियम ठेवला. चहा आणि कोला बंद. दिवसा दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, आणि झोपण्याआधी एकदा नक्की.

दुसरी गोष्ट पोट साफ होण्याची. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. आपल्याकडे तिथीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, मग मुलांच्या ताटात चोथा कमी पडतो. डॉक्टर म्हणाले अंजीर द्या. अंजीर आपल्याला चालत नाही. मी भिजवलेल्या काळ्या मनुका, ज्वारीची भाकरी आणि अख्ख्या मुगाची आमटी यांवर भागवलं. पंधरा दिवसांत पोट लायनीवर आलं.

त्यानंतर अलार्म आणला. चड्डीला छोटा सेन्सर लावायचा, ओल लागली की तो वाजतो. पहिले दोन आठवडे सगळं घर उठायचं, धाकटा मात्र घोरत. मी त्याला पूर्ण जागं करायचे, तो स्वतःच्या पायांनी संडासाकडे जायचा, मग चादर बदलायची. मूल पूर्ण जागं होणं महत्त्वाचं. झोपेतच उचलून नेलं तर तेवढी रात्र कोरडी जाते, मेंदू मात्र काही शिकत नाही. याला दोन-तीन महिने लागतात, आणि सलग 14 रात्री कोरड्या गेल्याशिवाय अलार्म काढायचा नाही. गोळीही असते, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

रात्री तीन वाजता झोपमोड झाली की जिभेवर राग येतोच. आम्ही घरात एक नियम केला: रात्री अंथरुणाबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. वचनगुप्ती म्हणतात ती हीच, आणि तिची परीक्षा स्थानकात होत नाही, ओली चादर हातात असताना होते. पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही, मोठ्या भावानं चिडवायचं नाही. टोमणा हीसुद्धा हिंसाच.

ओले कपडे बादलीत बुडवून सकाळपर्यंत ठेवायचे नाहीत, हे मी कटाक्षानं पाळते. शरीरातून बाहेर पडलेल्या मलमूत्रात 48 मिनिटांनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असं आपण मानतो. म्हणून चादरीखाली मेणकापड, वर पातळ सुती दुपटं. ओलं झालं की थोड्या पाण्यात लगेच पिळून गॅलरीत पसरून टाकायचं. सकाळी दुपटी घडी करायला धाकटा मदत करायचा, शिक्षा म्हणून नाही, स्वतःचं काम म्हणून.

एकदा त्यानं विचारलं, "मम्मी, महाराजसाहेबांना पण शू लागते का?" मी त्याला पाच समितींतली पाचवी सांगितली, परिष्ठापनिका समिती. मलमूत्र कुठे, कसं, जीवजंतू पाहून परठायचं, याचे नियम आहेत. उत्तराध्ययन सूत्राच्या 24व्या अध्ययनात चालणं, बोलणं, गोचरी यांच्या जोडीनं ही समिती येते. ज्या गोष्टीसाठी आगमात जागा आहे, तिची लाज कसली? त्यात फक्त जतना हवी. त्याला ते फार आवडलं.

पर्युषणापर्यंत आठवड्यातल्या पाच रात्री कोरड्या जाऊ लागल्या होत्या. दोन नव्हत्या. संवरात अलार्म चालणार नाही, विजेची वस्तू. पण पोरगा म्हणाला, "मी जातो, पप्पा उठवतील." यांनी रात्री दोनदा त्याला जागं केलं. पुंजणीनं जमीन पुंजत बापलेक अंधारात हळूहळू बाहेर गेले आणि परत आले. सकाळी आसन कोरडं होतं. दिवाळीत मामाकडे चार दिवस राहिला, तेव्हा एक रात्र ओली गेली. मामीनं काही न बोलता चादर बदलली. अलार्म आता कपाटात आहे.

मैत्रिणींनो, काही लक्षणं दिसली तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, दिवसाही लघवी सुटते, जळजळ होते, खूप तहान लागून वजन उतरतंय, किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा जोरात घोरतंय, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी धीर ठेवा. मुलाचं शरीर त्याच्या वेळेनं शिकतं, तोवर आपण आपला कषाय आवरायचा.

जय जिनेंद्र.