स्टेशनपासून घरापर्यंत

खारघर,
२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,


तुमचं पत्र आणि मामींच्या चकल्या एकाच पार्सलमधून आल्या. चकल्या संपल्या, पत्राचं उत्तर तेवढं राहिलं होतं. आज रविवार आहे, निवांत बसून लिहिते.

निनादला फोर्टमध्ये नोकरी लागली हे वाचून फार बरं वाटलं. त्याने खारघरला पस्तीस सेक्टरात फ्लॅट बघितलाय, टोकन देण्याआधी तुझं मत कळव, असं तुम्ही लिहिलंत. आणि खाली लिहिलंत की जाण्यायेण्याची काळजी नसावी, आम्ही सिडकोत असताना स्टेशनं धरूनच एकेक वसाहत आखली होती. मामा, त्या शेवटच्या ओळीमुळे हे पत्र लांबणार आहे. फ्लॅट चांगलाच असेल. इथली हवा, मागचा डोंगर, सेंट्रल पार्क, रुंद रस्ते, सगळं त्याला आवडेल. पण घर आणि ऑफिस यांच्यामध्ये रोज जो वेळ जातो, तो बिल्डरच्या कागदावर कुठे लिहिलेला नसतो. तो त्याला आधी कळायला हवा.

सकाळचं आधी सांगते. पनवेलहून सुटलेली लोकल खांदेश्वर, मानसरोवर करत खारघरला येते, तेव्हा गर्दीच्या वेळी बसायची गोष्ट सोडाच, दारातून आत शिरता आलं तरी पुष्कळ. पुढे बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी. सगळीकडे चढणारेच जास्त. खाडीपूल ओलांडून मानखुर्द येईपर्यंत वर केलेला हात खाली घेता येत नाही. कुर्ल्याला बीकेसीवाले उतरले की जरा मोकळं वाटतं. हार्बरला फास्ट गाडी नाही. येणारी एक आणि जाणारी एक, एवढीच लाइन, त्यामुळे प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशन घेते. पनवेल ते सीएसएमटी सुमारे ऐंशी मिनिटं. २०१६ मध्ये नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, तेव्हा काही काळ खरंच फरक जाणवला. मग कामोठे भरलं, खारघर भरलं, तळोज्यात टॉवर उभे राहिले आणि ते वाढलेले डबे पुरेनासे झाले. जलद मार्गाच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय.

रेल्वेच्या हिशेबात या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसं. तुमच्या माजघरातल्या झोपाळ्यावर जेवढी जागा आहे, साधारण तेवढ्यात चौदा माणसं उभी करून बघा. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सगळ्यात जास्त याचा राग आला की या अवस्थेला नाव देऊन, मोजून, फाइलला लावून ठेवलंय आणि गाडी रोज तशीच सुटते.

संध्याकाळी सीएसएमटीला गाडी प्लॅटफॉर्मला लागत असतानाच धडधाकट बायका चालत्या गाडीत शिरून खिडक्या धरतात. ज्यांना ते जमत नाही त्या गल्लीत उभ्या राहतात आणि बसलेलीला विचारतात, “कुठे?” ती म्हणते “वाशी.” की लगेच, “वाशी मला.” झालं, सीट लागली. मागून आलेलीने कितीही गयावया केली तरी वाशीला ती सीट पहिलीलाच मिळते. कुठे लिहिलेलं नाही, कुणी टीसी बघत नाही, तरी हा शब्द पाळला जातो. गेल्या आठवड्यात हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी दाराजवळ अडकली होती. एका हाताने कडी धरायची की पर्स, हेच तिला ठरवता येत नव्हतं. तिने विचारलेली प्रत्येक सीट आधीच लागलेली. आतून एक बाई ओरडली, “माझी मानखुर्द तिला द्या,” आणि त्या गच्च डब्यात, जिथे मुंगी शिरणार नाही तिथे, बायकांनी अंग चोरून तिला दारापासून सीटपर्यंत आणलं. सीट देणारी बाई पुढे बेलापूरपर्यंत उभी होती. मामा, मला रोज वाटतं की ही माणसं अशी आहेत म्हणून ही गाडी चालते. आणि त्यांच्या या चांगुलपणावरच सगळा कारभार निभावून नेला जातो, हे मला सहन होत नाही.

पण निनादला मी खरं सांगणार आहे ते लोकलविषयी नाही. लोकलची गर्दी त्याने ऐकलेली आहे. खरी गोष्ट लोकलमधून उतरल्यावर सुरू होते.

खारघर स्टेशन हायवेलगत आहे आणि वसाहत तिथून आत, डोंगराच्या दिशेने पसरत गेली आहे. पस्तीस सेक्टर म्हणजे जवळजवळ दुसरं टोक. चालत जायचा प्रश्नच नाही. रात्री एका गाडीतून शेकडो माणसं उतरतात, जिना चढून-उतरून बाहेर येतात, तेव्हा बस एक तर आधीच भरलेली असते, नाहीतर तिचे मागचे लाल दिवे वळताना दिसतात. मी ड्रायव्हरला दोष देत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर बसची वेळ आहे, लोकलची नाही. गाडी सहा मिनिटं उशिरा येतेय हे त्याला कोण कळवणार? तो बिचारा त्याच्या वेळेवर निघतो आणि नेमकी त्यामुळे बस चुकते. मग रांग, मग शेअर रिक्षा, आणि पाऊस असला की रिक्षावाला सांगेल ते भाडं. आमच्या मजल्यावरची एक बाई मस्जिदला दुकानात काम करते. तिच्या महिन्याच्या रेल्वेपासापेक्षा घरापर्यंतच्या रिक्षेला जास्त पैसे जातात. म्हणून महिन्याच्या शेवटी ती पिशव्या घेऊन उत्सव चौकापासून चालत येते.

आता तुमच्या नकाशाकडे वळते, कारण तुम्ही त्याचा अभिमान बाळगता आणि मलाही तो आहे. १९६४-६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या शहराची, नवी मुंबईची कल्पना मांडली, ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं की या शहराचा सगळा मुद्दा गाडीची गर्दी कमी करण्याचा होता: कामं खाडीपलीकडे न्यायची, सरकारची कचेरीच न्यायची, म्हणजे रोज सगळ्यांनी दक्षिणेकडे धावायला नको. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. नरिमन पॉइंटला भराव घालून टॉवर उभे राहत गेले. तुमचं स्वतःचं सिडकोचं ऑफिससुद्धा तेव्हा तिथेच होतं ना, ‘निर्मल’मध्ये? माणसं नव्या शहरात राहायला आली आणि कामाला जुन्या शहरात जात राहिली. खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण वाशीला लोकल आली ९ मे १९९२ ला. मधली एकोणीस वर्षं लोकांनी बसमध्ये लोंबकळत काढली. आणि ती रेल्वे तरी फुकट मिळाली नाही. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, त्यासाठी आमच्या तिकिटावर अधिभार लागला. देशात क्वचितच कुठल्या वसाहतीने आपल्या रेल्वेसाठी असे पैसे मोजले असतील. ज्यांनी मोजले त्यांनी स्टेशनाबाहेर बस मागितली तर ते मोठं मागणं नाही.

आज माझ्या एका खेपेत किती मालक येतात ते बघा. गाडी मध्य रेल्वेची. स्टेशनची इमारत सिडकोने बांधलेली. मी कर भरते पनवेल महापालिकेला, जी १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. पण स्टेशनबाहेरची बस येते ती शेजारच्या नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची, १९९६ पासून चालत आलेल्या एनएमएमटीची. दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत तोटा सोसून ती बस चालवते, याबद्दल मी तिची ऋणीच आहे. फक्त तिचे नगरसेवक मी निवडत नाही. माझ्या मतावर जे निवडून येतील त्यांच्या हातात बस नाही, आणि ज्यांच्या हातात बस आहे त्यांना माझ्या मताची गरज नाही. अशा ठिकाणी फेरी वाढवा म्हणून सांगायचं कुणाला?

मेट्रोचंही तसंच. बेलापूर ते पेंधर, अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं. पायाभरणी १ मे २०११, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३. रूळ, डबे, सुरक्षेचा दाखला, सगळं झाल्यावरही लोक रिकामी स्टेशनं खालून बघत महिनोन्‌महिने रिक्षाने जात होते, आणि शेवटी एके दिवशी ती समारंभाशिवायच सुरू झाली. आता ती चांगली चालते, स्वच्छ आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये भाडंही उतरवलं. पण ती खारघर गावातून, सेंट्रल पार्कवरून जाते आणि खारघरच्या रेल्वे स्टेशनला लागतच नाही. लोकलसाठी बेलापूरलाच जावं लागतं. ठाणे मार्गावरचं दिघा गाव स्टेशनही असंच बांधून तयार होतं आणि बंद होतं. ते उघडलं १२ जानेवारी २०२४ ला, त्याच दिवशी ज्या दिवशी एकवीस किलोमीटरहून लांब अटल सेतू उघडला. तो पूल देखणा आहे, मी बघून आले. कारला एका फेरीचे अडीचशे रुपये पडतात. ज्यांची गाडी स्वतःची त्यांचा वेळ वाचावा म्हणून समुद्रावर पूल होतो आणि जे फलाटावर उभे आहेत त्यांनी तयार स्टेशनच्या कुलपाकडे बघत थांबायचं, हे मला पटत नाही. थांबणाऱ्याचा वेळ कुणाच्याच हिशेबात धरलेला नाही. बस दहा मिनिटं आली नाही तर कुणाचं काही बिघडत नाही, फक्त रांगेतल्या साठ जणांची दहा-दहा मिनिटं जातात, आणि ती कुठल्याही तोट्याच्या खात्यात मांडली जात नाहीत.

तुम्ही म्हणाल, आता तर एकच तिकीट झालंय. झालंय, खरं आहे. गेल्या महिन्यात, ८ ऑक्टोबरला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं त्याच दिवशी ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी धरून अकरा सेवांची तिकिटं त्यात निघतात. मी वापरते, सोय आहे. पण तिकीट एका ठिकाणी निघालं म्हणून बस लोकलसाठी थांबत नाही. त्यासाठी या सगळ्यांच्या वर एक कचेरी हवी, जिचा शब्द रेल्वेलाही ऐकावा लागेल आणि महापालिकांनाही. मुंबई महानगरासाठी असं प्राधिकरण २००८ मध्येच नेमलं होतं, पण त्याच्यामागे कायदा नव्हता. केरळने २०१९ मध्ये कायदा करून कोचीसाठी ते करून दाखवलं.

९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. तेव्हापासून दारं बंद होणाऱ्या लोकलची चर्चा आहे. यावी ती, लवकर यावी. पण माणूस दारात हौसेने लटकत नाही. मागची गाडीही अशीच भरून येणार आणि उशीर झाला की ऑफिसात अर्धा दिवस कापणार, हे त्याला माहीत असतं. दार बंद झालं तर तो फलाटावर राहील. त्या फलाटावरच्या माणसासाठी फेऱ्या वाढवायला हव्यात, हे कुणी त्याच दमात बोललेलं मी अजून ऐकलं नाही.

तर निनादविषयी. त्याला म्हणावं, टोकन देण्याआधी सोमवार ते बुधवार माझ्याकडे येऊन राहा. सकाळी आठच्या सुमारास खारघरहून फोर्टला जा, आणि एक दिवस मुद्दाम रात्री दहानंतर उतरून बस मिळते का बघ. पस्तीस सेक्टरच हवा असेल तर पेठपाडा मेट्रो स्टेशनला पायी जाता येईल अशीच इमारत बघ आणि शेवटची मेट्रो कधी सुटते ते स्वतः जाऊन वाच, एजंटच्या तोंडी हिशेबावर विसंबू नकोस. नाहीतर घर लहान चालेल, पण नेरूळ किंवा जुईनगरला स्टेशनजवळ घे.

आणि तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या भागातल्या सोसायट्या मिळून दोन्ही महापालिकांना आणि रेल्वेला एक निवेदन देताहेत. मागणी साधी आहे: संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, खारघरला थांबणाऱ्या गाड्यांवरून बसच्या वेळा ठरवा, गाडी उशिरा असेल तर स्टेशनमधून डेपोला कळवा, आणि शेवटच्या लोकलनंतर एक बस सोडा. मसुदा मीच लिहितेय. तुमच्या जुन्या ट्रंकेत वसाहतींच्या आराखड्यांच्या प्रती आहेत, त्यात स्टेशनपासून बसचे रस्ते आखलेले होते असं तुम्ही सांगत होतात. त्या निनादबरोबर पाठवा. निवेदनाला जोडायच्या आहेत, आणि खाली पहिली सही तुमची हवी आहे.

मामींना नमस्कार, चकल्या खुसखुशीत होत्या.

तुमची भाची,
सुलू