आशाताईंचं देणं

आमच्या तात्यांची उभ्या जन्माची बिडी गावच्या आशाताईंनी सोडवली. त्यांचं देणं माझ्याच्यानं फिटणार नाही. निदान ते नीट लिहून तरी ठेवावं, असं बरेच दिवस मनात आहे.

तात्या माण तालुक्यातल्या आमच्या दुष्काळी गावातून मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. कापसाजवळ काडी ओढायला बंदी, म्हणून पाळी चालू असेपर्यंत तंबाखूचा बार आणि भोंगा झाला की फाटकाबाहेर बिडी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुष्कळजण गावाकडे परतले, त्यात तात्याही होते. गिरणी गेली, खोलीतली जागा गेली, सोबती पांगले. तंबाखूही मागे राहिली. बिडी तेवढी बरोबर आली. ती सोडा म्हणणाऱ्यावर तात्या एवढे का बिथरत, हे मला मोठेपणी थोडंथोडं कळत गेलं. मुंबईचं त्यांच्याजवळ उरलेलं तेवढंच होतं.

घरात सांगून सगळे थकले होते. डॉक्टर म्हणायचे, "आजोबा, बिडी बंद." तात्या मान डोलवायचे आणि दवाखान्याच्या पायरीवरच बंडल काढायचे.

आशाताईंना गाव ओळखायचं ते बाळंतपणासाठी आणि लहान पोरांच्या डोसांसाठी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, त्यातून साधारण हजार वस्तीमागे एक अशा या आशा नेमल्या गेल्या. त्यातली एक अट अशी, की बाई त्याच गावात राहणारी हवी. आमच्या आशाताई गावची सून. तात्या त्यांच्या सासऱ्यांपेक्षाही मोठे. आमच्याकडे अजून सुना मोठ्या माणसांसमोर डोक्यावर पदर घेतात, वर बघून बोलत नाहीत. अशा बाईनं वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या बिडीबद्दल विचारायचं, याला किती धीर लागत असेल ते शहरात बसून कळणार नाही.

२०१८ साली त्या आमच्याकडे आल्या त्या सीबॅकचा फॉर्म घेऊन. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म भरायचा असतो. कंबर किती, दारू आहे का, घरात कुणाला बीपी-साखर आहे का. तंबाखूच्या प्रश्नाला रोजची सवय असेल तर २ गुण. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. त्याच फॉर्मवर पुढं विचारलेलं असतं, खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का? तात्या म्हणाले, "बिडीचा खोकला हाय, जुनाच." आशाताईंनी तो जुना खोकला फॉर्मवर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थुंकीची डबी घेऊन दारात हजर झाल्या. टीबी निघाला.

सहा महिने रोज, वजनाप्रमाणे गोळ्या. त्या गिळल्या जाताहेत की नाही यावर लक्ष ठेवायचं काम आशाताईंकडे आलं. बिडी ओढणाऱ्याचा टीबी बरा होऊनही उलटायचा धोका जास्त असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सुरुवातीला त्यांनी बिडीचं नावही काढलं नाही. गोळी द्यायची, पाणी द्यायचं, जोत्यावर टेकायचं, मुंबईचं विचारायचं. तात्या बोलत राहायचे. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, "तात्या, दिवसातली कुठली बिडी नसली तरी चालंल?"

आजवर सगळ्यांनी त्यांना बिडी सोडा म्हणूनच सांगितलं होतं. असं विचारलं कुणीच नव्हतं. तात्या विचारात पडले. चार वाजताच्या चहाची नसली तरी चालेल म्हणाले. गेली ती. मग रानात जातानाची गेली. जेवणानंतरच्या बिडीच्या जागी आईनं भाजलेली बडीशेप ठेवायला सुरुवात केली. अडून बसली ती सकाळची. तिच्याशिवाय कोठा साफ होत नाही, ही गावातल्या अर्ध्याअधिक बिडीवाल्यांची तक्रार असते आणि ती ऐकून डॉक्टर बहुधा हसतात. आशाताई हसल्या नाहीत. बिडी सुटताना काहींना खरंच मलावरोधाचा त्रास होतो. त्यांनी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी आणि मळ्यापर्यंत चालणं सांगितलं, आणि आठवडाभर रोज न लाजता विचारलं, "आज झालं का?" सासऱ्याहून मोठ्या माणसाला! मला या बाईबद्दल जो आदर वाटतो तो या एका प्रश्नापाशी सगळ्यांत जास्त आहे.

त्याच सुमारास बंडलांवर मोफत फोनचा नंबर छापून येऊ लागला होता, १८००-११-२३५६. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटनं २०१६ मध्ये सुरू केलेली ही सेवा. आशाताईंनी तात्यांच्याच बंडलावरून तो वाचून दाखवला. तात्या म्हणाले, "न दिसणाऱ्या माणसाला मी काय सांगू? तू हायस की." ही सेवा चांगलीच आहे, कितीकांना तिचा आधार झाला असेल. पण तात्यांना समोर बसणारं माणूस लागत होतं.

शेवटची बिडी बंद करायच्या आधी आशाताईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "आता दोन-तीन आठवडे चिडतील, झोप लागायची न्हाई, ताटावरनं उठतील. तुमच्यावरचा राग न्हाई त्यो, बिडी मागं वढतीय त्यांना." तात्यांना सांगितलं, "तल्लफ आली की घड्याळ बघा. पाच मिनिटं कशीबशी काढा, ती जाती. पुन्यांदा येती, पुन्यांदा जाती." भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ तात्यांनी त्यासाठी दुरुस्त करून आणलं.

पुढं त्यांचा गिरणीतला एक सोबती वारला. शेजारच्या गावात मातीला गेले, तिथं जुनी माणसं भेटली, आणि बिडी पुन्हा हातात आली. घरात आम्हाला वाटलं, संपलं सगळं. आशाताई नेहमीच्या वेळी आल्या. वास त्यांना आलाच असणार. गोळी दिली आणि म्हणाल्या, "तात्या, बिनबिडीचं जेवढं दिवस गेलं, ते तुमच्या नावावर जमा हायत. ते कुठं जात न्हाईत. उद्यापासनं पुढं मोजू." एवढंच. मी तेव्हा माहेरी होते. तात्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले. त्यानंतर त्यांनी बिडी ओढली नाही.

उपचार पुरा झाला, थुंकीचा रिपोर्ट निर्मळ आला. साध्या टीबीचा एक रुग्ण पूर्ण उपचारापर्यंत नेला की आशांना १००० रुपये मिळतात. बिडी सोडवल्याबद्दल आमच्या आशाताईंना वेगळं काही मिळालं नाही. गोळ्यांना लागायची दोन मिनिटं. उरलेला वेळ त्यांनी पदरचा घातला. सरकारच्या लेखी त्या स्वयंसेविका आहेत, कामाप्रमाणे मोबदला घेणाऱ्या. कोरोनात त्याच ऑक्सिमीटर घेऊन उंबरे झिजवत होत्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्यांनी तात्यांच्या बोटाला तो लावला तेव्हा टीबीतून उठलेल्या त्या फुफ्फुसांचा आकडा चांगला आला. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना वाढीव पैशासाठी संप करावा लागला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले. मान मिळाला ही फार आनंदाची गोष्ट. पण या बायकांना दरमहा ठरलेला, पोट भरेल असा पगार हवा, आणि तो देणं हे आपल्या सगळ्यांचं कर्तव्य आहे, असं मी प्रत्येक ठिकाणी बोलते.

आईची मिश्री मात्र सुटलेली नाही. सीबॅकच्या फॉर्मवर तिलाही तेच २ गुण पडले होते, आणि ती फणकारली होती, "मी कुठं धूर काढते?" बिनधुराच्या तंबाखूचाच आपल्याकडे खरा पसारा आहे: २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आईनं दोन वेळची एक वेळ केली आहे. आशाताई त्यावर रागावत नाहीत, विषय सोडतही नाहीत.

तात्या बरे झाले तेव्हा आईनं आशाताईंची ओटी भरली, लुगडं घेतलं. त्यांनी ते घेतलं आणि वर एक मागणं मागितलं. वरच्या आळीतले एक म्हातारे बाबा त्यांचं ऐकत नव्हते. तात्यांनी त्यांच्याकडे एकदा यावं. तात्या गेले. तेव्हापासून असं कुणी निघालं की आशाताई निरोप धाडतात आणि तात्या टोपी घालून निघतात. वरच्या आळीच्या बाबांची बिडी अजून चालूच आहे, पण ती पंधरावरून सहावर आली आहे. येत्या बाजाराच्या दिवशी दोघं पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहेत.