रंगपरीक्षा

आज दुपारी भाचा येऊन गेला. सहायक इंजिनचालकाच्या जागेसाठी लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या या मुलापुढे वैद्यकीय तपासणीत इशिहारांची ती ठिपक्यांची पुस्तिका उघडली गेली, आणि इतरांना ज्या पानावर आकडा ठसठशीत दिसतो तेथे त्याला नुसते मातकट ठिपके दिसल्यामुळे, तांबड्या-हिरव्यातला भेद आपल्याला नीट उमगत नाही हे त्याला ऐन पंचविशीत प्रथमच कळले.

त्याला या जागेसाठी अपात्र ठरवण्याचा निर्णय अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. १८७५ साली स्वीडनमधील लागरलुंडा येथे आगगाड्यांची टक्कर झाल्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडींनी कर्मचाऱ्यांची दृष्टी पारखण्याचा प्रघात पाडला, तो योग्यच होता. परंतु हाच दंडक जेथे प्राणांचा प्रश्न नाही तेथेही सरसकट लावला जातो, याचा मला मनस्वी संताप येतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला रंगांधत्वापायी मुकलेल्या उमेदवाराला थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कुठे २०२२ साली तेथील सर्व अभ्यासक्रम अशांना खुले करण्याचा हुकूम झाला.

शाळेच्या दाखल्याबरोबरच ही चार मिनिटांची तपासणी झाली असती, तर पोराची उमेदीची वर्षे वाचली असती! हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो हे ऐकल्यापासून ताई स्वतःला दूषणे देत बसली आहे. तिला आज रात्रीच सविस्तर पत्र लिहितो. हिशेबखात्यातील जागांची जाहिरातही सोबत धाडतो.